चित्र दिसते, आवाज नाही : दिग्रसच्या छपरांवरून दूरचित्रवाणीच्या ध्वनीचा इतिहास

१/२२
नवा टीव्ही भिंतीवर लागतो, सेट-टॉप बॉक्सची वायर जोडली जाते, पडद्यावर चित्र लख्ख उमटते. आवाज मात्र येत नाही. रिमोटवर आवाज वाढवून पाहिला जातो, वायर काढून पुन्हा बसवली जाते आणि शेवटी टीव्हीच बिघडला असे ठरते. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. चित्र आणि ध्वनी मुळात दोन वेगळ्या वाटांनी येतात. त्यांतली एक वाट मध्येच कुठेतरी अडलेली असते. या दोन वाटांना सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावावरून पाहिले तर तो अधिक स्पष्ट दिसतो.

२/२२
दिग्रस हे यवतमाळ जिल्ह्यातले असे एक गाव. दारव्हा आणि पुसद यांच्या दरम्यान, धावंडा नदीच्या काठी, कापसाच्या मुलखात वसलेले. सरळ रेषेत मोजले तरी नागपूर येथून दीडशे किलोमीटरांहून दूर, आणि मुंबई तर पाचशेहून अधिक. प्रक्षेपण मोठ्या शहरांतून सुरू होते. अशी गावे त्याच्या शेवटच्या टोकाला येतात. लहर, तार आणि नवे यंत्र तिथे उशिरा पोहोचते आणि पोहोचताना त्यातले काहीतरी गळते. काय टिकले आणि काय गळले, हे टोकाच्या गावातच नीट कळते.

३/२२
आरंभ मात्र लंडनचा. जॉन लोगी बेअर्ड यांनी २६ जानेवारी १९२६ रोजी शास्त्रज्ञांसमोर हलते चित्र दूर पाठवून दाखवले. ३० सप्टेंबर १९२९ पासून बीबीसीच्या प्रक्षेपकावरून प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. अडचण अशी की त्यासाठी प्रक्षेपक एकच मिळाला होता. त्यामुळे आधी काही वेळ वक्त्याचा मूक चेहरा दिसे आणि मग चेहऱ्याविना त्याचे बोलणे ऐकू येई. दुसरा प्रक्षेपक मिळाल्यावर, ३१ मार्च १९३० रोजी, दोन्ही एकाच वेळी पोहोचू लागले. आवाजाविना चित्र हा या माध्यमाचा जन्मापासूनचा अनुभव आहे.

४/२२
चित्रपटसृष्टीलाही त्याच सुमारास हाच प्रश्न सोडवावा लागला. 'आलम आरा' १९३१ मध्ये आला आणि प्रभातचा पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये. बोलपटाच्या फितीवर ध्वनीची एक अरुंद पट्टी चित्राच्या शेजारून धावते. पण एखाद्या दृश्याचा ध्वनी त्या दृश्याच्या शेजारी नसतो, तर सुमारे २० चौकटी पुढे असतो. कारण प्रक्षेपणयंत्रात चित्राचा दिवा एका जागी आणि ध्वनी वाचणारा दिवा दुसऱ्या जागी बसवलेला असतो. ध्वनीचा दिवा गेला की तंबूतला पडदा मुका होई, चित्र मात्र चालूच राही. फीत एक असली तरी वाचन दोन ठिकाणी होते, हे सूत्र पुढेही कायम राहिले.

५/२२
दूरचित्रवाणीने तोडगा काढला तो दोन वाहक लहरींचा. एका लहरीच्या तीव्रतेतल्या चढउतारांवर चित्र बसवले गेले आणि दुसरीच्या वारंवारतेतल्या बदलांवर ध्वनी. भारताने स्वीकारलेल्या पद्धतीत ध्वनीची लहर चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झ अंतरावर ठेवलेली असे. घरातला संच दोन्ही लहरी एकाच अँटेनाने पकडी आणि आत गेल्यावर वेगळ्या करी. प्रेक्षकाला एकच कार्यक्रम दिसे. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते शेजारी-शेजारी चालणारे दोन प्रवासी होते.

६/२२
हे अंतर जगभर सारखे नव्हते. अमेरिकेत ते ४.५ मेगाहर्ट्झ, ब्रिटनच्या ६२५ रेषांच्या पद्धतीत ६, सोव्हिएत संघात आणि चीनमध्ये ६.५. आखाती देशांपैकी बहुतेकांत भारताप्रमाणेच ५.५. रुळांची रुंदी देशोदेशी वेगळी असावी तसा हा प्रकार. बारीकसा वाटणारा हा फरक पुढे अनेक घरांत डोकेदुखी ठरला. त्याचा प्रसंग व्हीसीआरच्या काळात येतो.

७/२२
दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, म्हणजे दिग्रसच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुली गावचे सुपुत्र. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच. पण इतक्या उंचीवरून निघालेली लहरही सपाट मुलखात ७० किलोमीटरांच्या आसपासच थेट पोहोचते, पुढे पृथ्वीची वक्रता आड येते. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या सहप्रक्षेपकाने पुणे जोडले गेले. मुख्यमंत्र्यांच्या स्वतःच्या मुलखाला मात्र राजधानीचे चित्र दिसत नव्हते आणि तिचा आवाज ऐकू येई तो आकाशवाणीवरूनच.

८/२२
वक्रतेवर उपाय होता उपग्रहाचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम उतरवले गेले. हाच 'साइट' प्रयोग. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण ध्वनीच्या इतिहासात या प्रयोगाला मोठे स्थान आहे. एका चित्राबरोबर दोन ध्वनिवाहिन्या पाठवण्याची सोय त्यात होती. त्यामुळे एकच चित्र आंध्रात तेलुगूतून आणि कर्नाटकात कन्नडमधून ऐकवता आले. चित्र आणि ध्वनी वेगळे असणे इथे अडचण नव्हती. उलट त्याचाच उपयोग करून घेतला गेला.

९/२२
१९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी रंगीत प्रसारण आले. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये काही महिने तर देशात सरासरी दिवसाला एक नवा प्रक्षेपक उभा राहत होता. हे बहुतेक लघुशक्ती प्रक्षेपक होते, १०० वॅटचे. मोठ्या केंद्रांची शक्ती १० किलोवॅट, म्हणजे शंभरपट. लहान प्रक्षेपकाचे चित्र ज्या गावात तो उभा असे तिथे स्वच्छ. दहा-पंधरा किलोमीटर बाहेर गेले की फिकट. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ पासून शाळकरी मुलांसाठी मराठी कार्यक्रम करू लागली ती याच विस्ताराच्या काळात.

१०/२२
काठावरच्या गावांत मग छपरांवर उंच बांबू आणि पाईप चढले, त्यांच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना आणि खाली बूस्टर. एकाने वर जाऊन अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने खिडकीतून 'आलं', 'गेलं' सांगायचे, हे महाराष्ट्रभरचे घरगुती तंत्रज्ञान. या काळाचे एक वैशिष्ट्य आज विसरले गेले आहे. लहर क्षीण झाली की आधी चित्र जाई. पडद्यावर मुंग्या येत, चेहरे ओळखू येत नसत. आवाज मात्र खरखरत का होईना, पुष्कळदा चालू राही.

११/२२
यामागे भौतिकशास्त्र आहे. चित्राला सुमारे ५ मेगाहर्ट्झ रुंदीची जागा लागे, ध्वनीला तिचा छोटासा अंश पुरे. जागा जितकी रुंद, तितकी वातावरणातली खरखर अधिक आत शिरते. शिवाय ध्वनी वारंवारतेतल्या बदलांवर बसवलेला असे आणि ही पद्धत खरखरीला अधिक दाद देत नाही. म्हणून ध्वनीचा प्रक्षेपक चित्रापेक्षा बराच कमी शक्तीचा असूनही दूरवर टिके. अँटेनाच्या युगात आवाज हा शेवटपर्यंत सोबत राहणारा साथीदार होता.

१२/२२
२५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' सुरू झाले आणि २ ऑक्टोबर १९८८ रोजी 'महाभारत'. रविवारी सकाळी एका संचासमोर आळीतली सगळी घरे जमत. मागच्या रांगेतल्यांना आणि दाराबाहेर उभ्या असलेल्यांना दिसे थोडे, ऐकू येई सगळे. 'महाभारता'चा निवेदक तर देहधारी पात्र नव्हताच. पडद्यावर विश्व फिरे आणि हरीश भिमानी यांच्या आवाजातला 'समय' कथा सांगे. दृष्टी अधू झालेले वृद्ध, अक्षरओळख नसलेल्या स्त्रिया, शेजारघरी बसून कान देणारे. या सर्वांसाठी दूरचित्रवाणी बव्हंशी ऐकण्याची वस्तू होती.

१३/२२
अर्थात आवाज त्याही काळात हरवे. संचावर वाहिनी लावण्याच्या खटक्याभोवती किंवा झाकणाआड बारीक जुळवणीची चक्री असे. ती किंचित सरकली की चित्र बरे दिसे, पण ध्वनीची लहर निवडीच्या खिडकीबाहेर जाई. आवाज क्षीण होई किंवा नुसती घरघर येई. उलट बाजूला सरकली की आवाजाच्या तालावर पडद्यावर आडवे पट्टे थरथरत. चित्र आणि आवाज दोन्ही बरे येतील असा मधला बिंदू शोधावा लागे. तो शोधण्यासाठी वाचता येण्याची गरज नव्हती. घरातल्या कोणाचाही हात आणि कान त्यासाठी पुरेसे होते.

१४/२२
मग व्हीसीआर आला. गणेशोत्सवात किंवा लग्नघरी टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर चित्रपट लावणे ही गावोगावची करमणूक झाली. सुरुवातीच्या जोडणीत व्हीसीआर जणू एक इवलेसे प्रक्षेपण केंद्र होई. चित्र-ध्वनीची तीच जोडी लहरीवर चढवून तो अँटेनाच्या छिद्रातून टीव्हीला देई. आखातातून आणलेले यंत्र इथे बहुधा सुरळीत चाले. ब्रिटनमधून आणलेल्या संचावर मात्र चित्र दिसे आणि ध्वनी गायब राही. तो संच ६ वर कान लावून बसलेला असे आणि आवाज येई ५.५ वर. म्हणूनच पुढे अनेक परदेशी संचांवर या चारही अंतरांची निवड करण्याची कळ दिली जाऊ लागली.

१५/२२
लहरीवर चढवून पुन्हा उतरवण्यात चित्राची धार जाई. त्यामुळे थेट जोडणी रूढ झाली : पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. ही पिन रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या नावावरून आरसीए म्हणून ओळखली जाते. ती मुळात ग्रामोफोन रेडिओला जोडण्यासाठी वापरात आली होती. या बदलाचा अर्थ मोठा आहे. आतापर्यंत दोन्ही प्रवासी एकाच दारातून येत होते; आता प्रत्येकाची तार वेगळी झाली. पिवळी घट्ट बसली आणि पांढरी सैल राहिली, तर चित्र निर्दोष आणि घर शांत. अँटेनाच्या युगातला अनुभव इथे उलटला.

१६/२२
१९९१ नंतर उपग्रहवाहिन्या आल्या, २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाली, आणि गावागावांत मोठी छत्री लावून घरोघरी तार नेणारा केबलवाला उदयास आला. त्या छत्रीच्या रिसीव्हरवर चित्राची वाहिनी आणि ध्वनीची उपलहर स्वतंत्रपणे लावावी लागे. केबलवाल्याकडून ध्वनीचा आकडा चुकला तर साऱ्या गावाचा टीव्ही एकदम मुका होई. दुरुस्तीची जागा घरातून केबलवाल्याच्या खोलीत गेली. घरच्या माणसाला चक्री फिरवून उपयोग नव्हता. निरोप धाडणे एवढेच हाती उरले.

१७/२२
केबलच्या अंकीकरणाचा तिसरा टप्पा नगरपालिका क्षेत्रांसाठी होता आणि त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ ही होती. नगरपरिषद असलेले दिग्रस याच टप्प्यात मोडते. प्रत्येक टीव्हीखाली सेट-टॉप बॉक्स आला. चित्र आणि ध्वनी आता आकड्यांच्या एकाच प्रवाहात, पण वेगवेगळ्या पाकिटांत येऊ लागले. पाकिटांवर भाषेची खूण असते. खोक्यात भलतीच भाषा निवडलेली राहिली तर परकी भाषा ऐकू येते, आणि त्या भाषेचा प्रवाह रिकामा असेल तर काहीच नाही. सिग्नल क्षीण झाला तर पूर्वीसारखा आवाज मागे राहत नाही. चित्र चौकटी-चौकटींत फुटते आणि आवाजही त्याच्याबरोबर तुटतो.

१८/२२
खोक्यामागची वायरही फसवी निघाली. जागा वाचवण्यासाठी अनेक खोक्यांवर तीन छिद्रांऐवजी एकच ३.५ मिलिमीटरचे छिद्र असते. वायरच्या एका टोकाला चार कड्यांचा जॅक आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना. कोणत्या कडीवर चित्र, कोणत्यावर ध्वनी, हा क्रम सर्व उत्पादकांनी एकसारखा ठेवलेला नाही. दिसायला तंतोतंत तशीच पण दुसऱ्या यंत्राची वायर लावली, तर चित्राचा विद्युतप्रवाह स्पीकरमध्ये जाऊन घरघरतो किंवा आवाज पूर्ण जातो. म्हणून यंत्राबरोबर आलेली मूळ वायर जपणे शहाणपणाचे ठरते.

१९/२२
या पिनांच्या पसाऱ्यावर उपाय म्हणून एचडीएमआयचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी ते मिळून घडवले. त्याचा पूर्वज डीव्हीआय (१९९९) संगणकाच्या पडद्यासाठी होता आणि त्यात ध्वनीला जागाच नव्हती. एचडीएमआयने चित्राची तीच रीत ठेवली आणि दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या अवकाशात ध्वनीची पाकिटे बसवली. त्यामुळे जुन्या संगणकाचे डीव्हीआय टोक टीव्हीच्या एचडीएमआयला जोडले, तर चित्र येते आणि आवाज सहसा येत नाही. त्या वाटेवर ध्वनी निघालेलाच नसतो.

२०/२२
एचडीएमआयची वायर जोडली की यंत्रे आधी आपसांत बोलणी करतात. टीव्ही आपली कुवत कळवतो : कोणते चित्र चालेल, कोणता ध्वनी उलगडता येईल. मध्ये एखादा स्प्लिटर असेल आणि त्याने ध्वनीची कुवत कळवलीच नाही, तर उगमाचे यंत्र नुसते चित्र पाठवते. खोक्यातून डॉल्बीचा प्रवाह निघतो आणि जुन्या टीव्हीला तो उलगडता येत नाही, तरीही हाच परिणाम. तिथे खोक्याची निवड 'पीसीएम'वर आणली की आवाज बहुधा परततो. साउंडबार आणखी वेगळा. २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून टीव्हीचा ध्वनी त्याच वायरीतून उलटा पाठवण्याची सोय झाली. पण ती फक्त 'एआरसी' असे लिहिलेल्या छिद्रातून चालते.

२१/२२
एवढ्या इतिहासातून शोधाचा एक क्रम मिळतो. ध्वनी उगमातून निघतो का? खोक्यावर म्यूट, भाषा आणि ध्वनीचा प्रकार पाहावा, दुसरी वाहिनी लावून पाहावी. वाटेत त्याला तार आहे का? पांढरी आणि लाल पिन, मूळ वायर, डीव्हीआयचे टोक, मधला स्प्लिटर तपासावा. शेवटी, तो योग्य ठिकाणी उतरतो का? टीव्हीचा ध्वनी स्वतःच्या स्पीकरवर आहे की जोडणी नसलेल्या साउंडबारवर किंवा ब्लूटूथवर, हे पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सर्व यंत्रे बंद करून, वायर काढून पुन्हा लावल्यास यंत्रांची बोलणी नव्याने होतात आणि कित्येकदा तेवढ्यावर काम भागते.

२२/२२
या प्रगतीत एक गोष्ट मात्र गमावली. पूर्वी चक्री होती. ती आजीलाही फिरवता येई. आज दुरुस्ती बहुधा इंग्रजी यादीच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर दडलेली असते, आणि आवाज गेल्याने सर्वाधिक नुकसान ज्यांचे होते, त्या वृद्धांना, दृष्टिहीनांना आणि अक्षरओळख नसलेल्यांना ती यादीच वाचता येत नाही. चित्र दिसत असल्यामुळे घरातल्या इतरांना घाईही नसते. ज्याला वाचता येते त्याने त्या यादीतली तीन पाने एकदा समजून घ्यावीत, नेमकी निवड कागदावर मराठीत लिहावी आणि तो कागद खोक्याच्या पाठीवर चिकटवावा. पुढच्या वेळी आवाज गेला, तर निदान घरात कोणाला तरी तो वाचून कळ दाबता येईल.